वायरींची शिदोरी

जगातल्या कुठल्याही देशात चालेल असा एक प्लग मी विकत घेतला, आणि मी आजवर बेळगावच्या पुढं गेलेले नाही.

काही बायकांना साड्यांच्या दुकानासमोरून सरळ पुढं जाता येत नाही. मला मोबाइलच्या सामानाच्या दुकानासमोरून जाता येत नाही. काचेआड टांगलेल्या वायरी दिसल्या की माझे पाय आपोआप पायरी चढतात. "काय पाहिजे, काकू?" असं दुकानदारानं विचारलं की मी म्हणते, "काय काय आहे?" (ह्या एका प्रश्नावर राजारामपुरीतल्या त्या दुकानदारानं वरचा मजला बांधला, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. साफ खोटं! मजला आधीच बांधलेला होता. माझ्यामुळं फक्त फरशी बसली.)

यंदा मात्र माझ्याकडं कारण होतं. आमची तेजू लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी, कोल्हापूरजवळ कळंब्याला, आली होती. तिचं सासर निपाणीच्या पुढं, एका लहानशा गावात. तेजू पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून लॅपटॉपवर करते. नक्की काय करते ते मला सांगता येत नाही. पडद्यावरचे रंगीत चौकोन इकडचे तिकडे सरकवते आणि महिना संपला की पगार येतो. लग्न ठरवताना 'मुलगी नोकरी सोडणार नाही' एवढी एकच अट आम्ही घातली होती. विहीणबाई 'बरं' म्हणाल्या होत्या, पण दवाखान्यात सुई बघून माणूस म्हणतो तसलं ते 'बरं' होतं. 'पडद्याम्होरं बसून ऱ्हायचं, ही कसली नोकरी म्हणायची!' हे त्यांचं खरं मत माझ्यापर्यंत कधीच पोचलं होतं.

आता झालं असं, की तेजूला सासरी पोचवायचा दिवस विहीणबाईंनी कॅलेंडर बघून ठरवला, आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी चारला तेजूची मोठी मीटिंग आली. आपलं काम तिनं पहिल्यांदाच स्वतः तोंडानं गिऱ्हाईक कंपनीच्या लोकांना समजावून सांगायचं. नीट झालं तर ती नोकरीत कायम होणार. आणि हे सगळं घडायचं कुठं, तर विहीणबाईंच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, त्यांच्या डोळ्यांदेखत! मीटिंग बुडाली तर कंपनी काय म्हणेल, ही तेजूची काळजी. विहीणबाई काय म्हणतील, ही माझी. शिवाय तेजूच्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालेली, वायर काढली की थोड्याच वेळात मान टाकणारी. आणि गावात लाईटचा काही भरवसा नाही.

म्हणजे मला दुकानात जाणं भागच होतं.

"काकू, लॅपटॉपबी चालंल असली पॉवर बँक आलीया," दुकानदार म्हणाला. त्यानं ती माझ्या हातात ठेवली आणि माझा हात काउंटरला टेकला.

"जड आहे रे."

"दमदार माल जडच असतोय, काकू."

हे मला पटलं. (दुकानात मला सगळंच पटतं. न पटणं घरी आल्यावर सुरू होतं, आणि तेही ह्यांना.) पॉवर बँक घेतली म्हटल्यावर ती भरायला चार्जर आला. चार्जरला बरीच भोकं होती, ती रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तितक्या वायरी आल्या. वायरी एकमेकींत गुंततात म्हणून त्या बांधायचे पट्टे आले. मग बाहेरचा आवाज आत येऊ न देणारा हेडफोन. फोन उभा करायचा तीन पायांचा स्टँड. फोनच्या बुडाला लावायचा बोटभर पंखा. एक एक्स्टेन्शन बोर्ड. आणि शेवटी तो जगभर चालणारा प्लग.

आमचे हे दुकानाबाहेर स्कूटरवर बसून होते. त्यांनी पिशवीत डोकावून प्लग बाहेर काढला.

"ह्ये काय?"

"जगातल्या कुठल्याही देशात चालतो!"

"चालू दे की. निपाणीत चालतोय काय, ते इचारलंस?"

"माणसानं तयारीत असावं."

"अगं, लेकीला निपाणीला सोडायची हाय, आफ्रिकेला न्हाय! दोन वायरी टाक पिशवीत आणि चल."

ह्यांची गाडीतली वायर मी बघितलेली होती. कधी काळी पांढरी असलेली, मध्ये काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि एका ठराविक कोनात धरली तरच चालणारी. असल्या माणसाचा सल्ला मी काय म्हणून घ्यायचा?

आता हे सगळं न्यायचं कशात, हा प्रश्न आला. दुकानदारानं एक कापडी पाउच दिला होता. त्याला इतके कप्पे होते, की घरी आल्यावर त्यात ठेवलेली एक वायर मला अजून सापडलेली नाही. शिवाय बाहेर धो धो पाऊस. मग मला एकदम सुचलं, स्टीलचा डबा! ओल नाही, धक्का नाही, उंदीर नाही. शिदोरीसाठी नवे कोरे डबे आणलेलेच होते.

शिदोरीचं सांगायला हवं. आमच्याकडं लेक माहेरून सासरी निघाली की तिच्याबरोबर शिदोरी द्यावी लागते. लाडू, करंज्या, पोळ्या, दहीभात. हळदीकुंकू लावून गाठ मारायची आणि ती गाठ वाटेत सोडायची नाही. सासरी पोचली की देवापुढं ठेवायची, आणि मग सासरची माणसं ती भावकीत घरोघर वाटतात. सुनेचं माहेर कसं आहे हे भावकी त्या शिदोरीवरून ठरवते. एकदा दिलेली शिदोरी म्हणजे दिलेली. तिच्यावर माहेरचा हक्क संपला.

तर एका डब्यात मी बेसनाचे लाडू भरले आणि अगदी तसल्याच दुसऱ्या डब्यात वायरी. दोन्ही डबे पांढऱ्या कापडात बांधले. (एकाच धोतराचे दोन तुकडे. मी काटकसरी आहे.)

"आई, माझं सामान मी बॅगेतनं घेतो की," तेजू म्हणाली. (आमच्या कोल्हापुरात मुलीही 'घेतो'च म्हणतात, दचकू नये.)

"तू गप्प बस. मागल्या खेपेला चार्जर कुणाचा विसरला होता?"

"तुझा."

"तेच म्हणते मी!"

निघायच्या दिवशी सकाळी जावईबापूंचा फोन आला. गावातली डीपी उडाली होती. डीपी म्हणजे गावाला वीज देणारा तो खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. अख्खं गाव पहाटेपासून अंधारात, आणि जावईबापू नवीन डीपीसाठी तालुक्याला गेलेले. मी फोन ठेवला आणि ह्यांच्याकडं असं बघितलं की बस्स. आयुष्यात माझी एखादी खरेदी बरोबर ठरण्याचा क्षण पहिल्यांदाच आला होता आणि मला तो घाईनं संपवायचा नव्हता.

त्या आनंदात मी स्वयंपाकघरात आले, तर कट्ट्यावर दोन डबे. सारखं कापड, सारखी गाठ. आणि आमच्या सासूबाईंनी देवळात निघता निघता दोन्हींवर भरघोस हळदीकुंकू लावून ठेवलेलं! आता लावलेली गाठ सोडायची कशी? पण मी शिकलेली बाई. डोकं चालवलं. दोन्ही डबे उचलून बघितले. एक जड, एक हलका. लाडू म्हणजे बेसन, साखर आणि तूप, ते जड असणारच. आणि दुकानदारानं एकेक वस्तू दाखवताना एकच सांगितलं होतं, 'प्रवासाला न्यायला हलकी, काकू.' म्हणजे हलका डबा वायरींचा! (पॉवर बँक धरल्यावर माझा हात काउंटरला टेकला होता, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. नाही आठवलं.)

जड डबा शिदोरीबरोबर डिकीत गेला. हलका डबा मी मांडीवर घेतला.

कळंब्यापासून तेजूच्या सासरपर्यंत मी तो डबा खाली ठेवला नाही. खाली उशी, वर पदर, दोन्ही हातांचा विळखा. हायवेचं काम चाललेलं, त्यामुळं वाटेत खड्डे. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होते, "अहो, हळू! आत नाजूक सामान आहे!"

"लेक म्हागं बसलीया, तिचं काय न्हाय व्हय?" हे म्हणाले.

"तिला धक्का लागला तर ती सांगेल. ह्याला बोलता येत नाही."

मागून तेजू म्हणाली, "आई, फोन उतरलाय. एक वायर दे की काढून."

"आत्ता नाही. एवढं नीट लावलंय, उगाच उचकटायचं नाही. पोचल्यावर सगळं एकदम."

तेजूनं बापाकडं बघितलं. बापानं कप्प्यातली ती काळ्या पट्टीची वायर काढून मागं दिली. तेजूनं ती नेमक्या कोनात धरली आणि निपाणी येईपर्यंत तशीच धरून बसली. मला त्या दोघांची कीव आली.

तीनच्या सुमाराला पोचलो. विहीणबाई दारातच उभ्या होत्या. पाण्याचा तांब्या, भाकरतुकडा ओवाळून टाकणं, सगळं रीतसर झालं. तेजूच्या थोरल्या जाऊबाई, सुमन, डिकीतून शिदोरी उतरवून आत घेऊन गेल्या.

"आन् त्यो डबा?" विहीणबाईंनी माझ्या हातांकडं बोट केलं.

"हा नाही. हा तेजूच्या नोकरीचा आहे," मी म्हणाले. अशा थाटात, की विहीणबाईंनी बोट मागं घेतलं.

चहा आला. चहाबरोबर मी बोलायला लागले. लाईट नसली तरी आमचं काही अडत नाही, ह्या डब्यातल्या एका वस्तूवर लॅपटॉप चालतो, दुसऱ्या वस्तूनं बाहेरचा आवाज बंद होतो, तिसरी वस्तू जगात कुठंही चालते. आमचे व्याही चहाची बशी हातात तशीच धरून ऐकत होते. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर थोडा आदर दिसायला लागला होता. आदर म्हणजे, त्यांनी मला बिस्किटाचा पुडा सरकवला.

"आई, साडेतीन झाले," तेजू म्हणाली. लॅपटॉप उघडून ती बसलीच होती.

"झालंच!" मी डबा सोप्याच्या मध्यभागी ठेवला. सगळ्यांना दिसेल अशी गाठ सोडली. झाकणावर हात ठेवून एकदा सगळ्यांकडं बघितलं. आणि म्हणाले, "हे बघा!"

सगळ्यांनी बघितलं.

लाडू.

एकावर एक रचलेले, प्रत्येकावर एक बेदाणा. सोप्यात इतकी शांतता झाली की व्याह्यांच्या बशीतला चहा सांडलेला ऐकू आला.

"लाडवावर चालतोय व्हय कंप्युटर?" विहीणबाईंनी विचारलं.

हे खुर्चीत बसल्या बसल्या छताकडं बघायला लागले. माणसाला हसू आवरायचं असलं की तो छताकडं बघतो, हे मला तेवीस वर्षांच्या संसारात कळलेलं आहे.

"दुसरा डबा! डिकीतला! तो कुठाय?" मी ओरडले.

सुमन आतून आल्या. "शिदोरी? ती मघाशीच वाटायला दिली की. जड डबा व्हता त्यो दोड्डव्वाकडं धाडला. जड ते थोरल्या घरी, तसा मान असतोय."

हे ऐकून विहीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. दोड्डव्वा म्हणजे त्यांच्या थोरल्या चुलत जाऊबाई. कानडीत दोड्डव्वा म्हणजे मोठी आई, आणि अख्खी भावकी त्यांना तशीच मानते. शेताच्या बांधावरून ह्या दोन घरांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. तेजूच्या लग्नात कसंबसं सुरू झालेलं. त्यानंतर त्या घरी गेलेली ही पहिलीच शिदोरी.

"डब्यात काय व्हतं म्हनलासा?" विहीणबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"वायरी," मी म्हणाले.

"देवा! इतक्या सालांनी शिदोरी धाडली आन् त्यात वायरी! आता दोड्डव्वा बांध न्हाय, भिंतच घालतिया मधी!"

आम्ही पळालो. पुढं विहीणबाई, मागं मी, माझ्यामागं लॅपटॉप काखेत धरलेली तेजू, आणि सगळ्यांत मागं लाडवांचा डबा घेतलेले हे. (लाडू कशाला घेतले, असं मी त्यांना नंतर विचारलं. 'वायरी घ्याच्या तर लाडू द्याला नकोत व्हय?' म्हणाले. माणूस एवढा बरोबर बोलला की मला राग येतो.)

एक तर माझ्यामुळं पोरीची नोकरी जाणार, नाही तर माझ्यामुळं तिच्या सासरची भावकी तुटणार, आणि दोन्ही एकदमच होण्याचीही पूर्ण शक्यता होती. चिखलात चप्पल रुतली ती मी तिथंच सोडून दिली.

दोड्डव्वांच्या घरात माणसांची ही गर्दी! विहीणबाई उंबऱ्यातच थबकल्या. आत सोप्याच्या मध्यभागी पाटावर माझी पॉवर बँक ठेवलेली. तिच्यावर हळद, कुंकू आणि एक जास्वंदीचं फूल. तिच्यातून चारी बाजूंना माझ्या वायरी गेलेल्या, आणि प्रत्येक वायरीला कुणाचा ना कुणाचा फोन. फोनवाले आपापली पाळी धरून भिंतीला टेकून बसलेले. आणि दोड्डव्वा आरामखुर्चीत बसून माझा बोटभर पंखा तोंडासमोर धरून वारा घेत होत्या.

"ये गं बाय, ये!" विहीणबाईंना बघून त्या गरजल्या. "आगं, आजवर लई शिदोऱ्या खाल्ल्या. समद्यांचं लाडू येकच! पर असली शिदोरी बापजल्मात कुणी दिली न्हाय. पाटंपासनं भावकीचं समदं फोन मेल्यालं, आन् देवानं धाडल्यागत डबा आला की! तुझ्या सुनंच्या म्हायरचं लोक लई शाणं हाईत बघ!"

विहीणबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. मग मान ताठ केली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मग! म्हनलं थोरल्या घरी काय तरी येगळं धाडावं!"

मी चाट पडले. त्यांनी वळून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "येक वायर जरी परत मागितलासा तर बघा," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या. "शिदोरी परत मागत्यात व्हय कुठं!"

चार वाजत आले होते. पोरीची नोकरी समोर पाटावर ठेवलेली, तिच्यावर जास्वंदीचं फूल, आणि मला ती उचलता येत नव्हती! तेजू माझ्याकडं बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त 'आता काय?' अशी बघत होती, लहानपणी शाळेत जाताना बूट सापडला नाही की बघायची तशी. मला एकदम गलबलून आलं. पोरीनं काही सुद्धा मागितलं नव्हतं. बॅगेतून माझं मी नेतो, एवढंच म्हणाली होती.

आणि गलबलून आलं की मला खोटं चांगलं सुचतं.

"दोड्डव्वा," मी पुढं झाले, "वस्तू दिल्या, पण वापरायच्या कशा ते दाखवायचं राहिलं होतं. म्हणून तर आम्ही सगळे आलो. तेजू आता सगळ्यांना चालवून दाखवेल. फक्त बाकीच्या वस्तू इथं हव्यात."

"आगं, त्या तर म्या वाटल्या की! थोरल्या घरानं येकट्यानं खायाची नसती शिदोरी." दोड्डव्वांनी दाराकडं तोंड केलं आणि हाक मारली. त्या हाकेला कसल्याही विजेची गरज नव्हती. "आरं ए ऽऽ! शिदोरी घिऊन या रं समद्यांनी!"

भावकी यायला लागली. माझा हेडफोन एका म्हाताऱ्या मामांच्या डोक्यावर बसून आला. गोठ्यात कानाला वारं लागू नये, म्हणून त्यांनी तो मफलरवर चढवला होता, आणि काढा म्हटलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. पट्ट्यांनी बांधलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या आल्या. जगभर चालणारा प्लग एका काकूंनी रुमालात गुंडाळून आणला. त्यांचा मुलगा फौजेत आहे. "कुठं परदेशी धाडलं त्येला, तर उपेगी पडंल म्हनून जपून ठेवलाय," म्हणाल्या. (त्या प्लगचा एवढा चांगला उपयोग मलाही सुचला नव्हता.) तीन पायांचा स्टँड मात्र आला नाही. तो ज्या घरी गेला होता, ती माणसं कुलूप लावून शेताला गेलेली.

तेजूनं गोठ्याच्या दाराकडं पाठ करून जमिनीवर बैठक मारली. लॅपटॉप पाटावर, पॉवर बँकेला जोडला. पॉवर बँकेवर दिव्याचे बारीक ठिपके असतात. सगळे जळत असले की ती भरलेली. आता एकच जळत होता. बाकीचे भावकीच्या फोनांत गेले होते.

मीटिंग सुरू झाली. पडद्यावर माणसं दिसली. तेजू बोलायला लागली. तिच्यासमोर, कॅमेऱ्याच्या मागं, अख्खी भावकी मांडी घालून बसलेली. आणि भावकीला गप्प ठेवायला कोण? विहीणबाई! तोंडावर बोट ठेवून उभ्या. एकाला शिंक आली तर त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की ती शिंक परत गेली.

मी तेजूकडं बघतच नव्हते. माझी नजर त्या एका ठिपक्यावर. तो लुकलुकायला लागला. मग विझला. लॅपटॉपनं थोडी वाट बघितली, आणि मान टाकली.

संपलं, मी मनात म्हणाले.

तेजू मात्र जागची हलली सुद्धा नाही. खिशातून फोन काढला. तो भरलेला होता! बापाच्या त्या काळ्या पट्टीच्या वायरीवर, नेमक्या कोनात धरून भरलेला. त्यावर ती पुन्हा मीटिंगमध्ये शिरली. "सर, फाइल काल पाठवलीय, तुम्ही स्क्रीनवर दाखवा, मी बोलते," म्हणाली. (साहेबांशी ती 'बोलते' म्हणते.) आता फोन उभा कशाला टेकवायचा? तिनं इकडंतिकडं बघितलं, ह्यांच्या हातातला डबा ओढून घेतला, झाकण काढलं आणि फोन लाडवांत खोचला. ताठ उभा राहिला!

विहीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मघाचं त्यांचं 'लाडवावर चालतोय व्हय' आम्हा दोघींनाही आठवलं होतं, पण त्या थोर मनाच्या आहेत, बोलल्या नाहीत.

पोरगी अशी बोलली, अशी बोलली! मला त्यातलं काही कळलं नाही, पण मध्ये एकदाही 'अं' नाही, 'म्हणजे' नाही. भावकी माना डोलवत होती. सगळं छान चाललेलं असताना आमच्या ह्यांनी, सवयीनं, डब्यातला एक लाडू उचलला. फोन तिरका झाला आणि पुण्याच्या गिऱ्हाईकांना दोड्डव्वांच्या घराचे वासे दिसायला लागले. विहीणबाईंनी ह्यांच्या हातावर चापट मारून लाडू परत लावला. व्याह्याच्या हातावर विहिणीनं चापट मारलेली मी पहिल्यांदाच बघितली, आणि मला ती मनापासून आवडली.

शेवटी साहेब म्हणाले, "तेजश्री, फारच छान. पण मागं गाय आहे का?"

"म्हस हाय!" दोड्डव्वांना राहवेना. त्यांनी फोनसमोर तोंड आणलं. "पावणं, जेवलासा का?"

पलीकडं हशा पिकला. गिऱ्हाईक कंपनीतले एक गृहस्थ निघाले साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "जेवलो आज्जी, पण ते लाडू कशाचे आहेत ते सांगा." त्यानंतरची मीटिंग लाडवांवरच झाली. काम मंजूर झालं आणि थोड्याच दिवसांत तेजूच्या कायम होण्याचं पत्र आलं. त्या दिवशी मात्र विहीणबाई गल्लीतून परत येताना भेटेल त्याला सांगत होत्या, "आमची सून पुन्याच्या लोकांस्नी शिकवत्या. समदी गुमान ऐकत्यात!"

वायरी, पंखा, हेडफोन आणि तो प्लग, सगळं भावकीतच राहिलं. शिदोरी परत मागत नाहीत. पण शिदोरीचा डबाही रिकामा परत देत नाहीत. दोड्डव्वांनी माझा डबा गुळानं गच्च भरून दिला. कळंब्यापर्यंत तो मी मांडीवर घेतला आणि ह्यांनी प्रत्येक खड्ड्याला "हळू! आत नाजूक सामान हाय!" असं ओरडून माझा सूड घेतला.

परवा विहीणबाईंचा फोन आला. दिवाळीला तेजू येऊन परत जाईल, तेव्हाच्या शिदोरीबद्दल भावकीनं निरोप दिला होता.

"दोड्डव्वा म्हनल्या, करंज्या नगंत. चपट्या तोंडाच्या वायरी जरा जास्ती धाडा, पंख्याला पोरं भांडत्यात तर त्येबी आनखी येक धाडा."

"पाठवते की!" मी आनंदानं म्हणाले. माझ्या खरेदीला कुणीतरी मागणी केली होती! "आणि लाडू?"

"लाडू तर पायजेतच. तेजूची पुन्यांदा मीटिंग हाय. पर विहीणबाई, राग मानू नका, ह्या खेपंला जरा घट्ट वळा. फोन लई हलत व्हता."

एवढा बाजार उचलून आणला, पण वेळेला कामी आली ती माझ्या हातानं वळलेली एकच वस्तू, आणि तक्रार आली ती नेमकी तिचीच!